वेष्टनावरचा शब्द आणि मागची यादी



आहाराचा विषय निघाला की आपली चर्चा बहुधा काय खावे आणि काय टाळावे याभोवती फिरते. या पाठात आपण त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबणार आहोत. आजच्या काळात अन्न तोंडात जाण्याआधी त्याच्याविषयीचा एखादा शब्द मनात गेलेला असतो. 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'ताजे', 'अस्सल', 'पारंपरिक', 'मल्टिग्रेन', 'प्रोटीनयुक्त', 'शुगर-फ्री', 'इम्युनिटी वाढवणारे' हे शब्द पाकिटाच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत असतात. पाकिटात नेमके काय आहे, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. घाईत असलेला माणूस पुढचे वाचतो आणि पाकीट पिशवीत टाकतो.

या पाठात तीन गोष्टी समजून घेऊ. हे शब्द इतके का वापरले जातात? त्यांपैकी कोणत्या शब्दांना अर्थ आहे आणि कोणते नुसते सजावटीचे आहेत? आणि सत्य बोलण्याचा संकल्प केलेल्या माणसाने या शब्दांशी कसे वागावे?

१. चांगला शब्द झिजतो कसा?

एखाद्या शेतकऱ्याने खरोखर लाकडी घाण्यावर तेल काढले आणि डब्यावर 'लाकडी घाण्याचे तेल' असे लिहिले, तर तो शब्द खरा आहे. ग्राहकाला त्यातून माहिती मिळते आणि शेतकऱ्याला त्याच्या कष्टाचा दाम मिळतो. पण हा शब्द लिहिला की तेल जास्त किमतीला खपते, हे शेजारच्या विक्रेत्याच्या लक्षात येते. घाणा बसवायला भांडवल लागते, शब्द छापायला फक्त शाई लागते. हळूहळू सगळ्याच डब्यांवर तो शब्द दिसू लागतो. मग ग्राहकाला खरा कोणता आणि खोटा कोणता हे ओळखता येत नाही. तो जास्त पैसे द्यायला कचरतो आणि त्यात सगळ्यात आधी खरा घाणेवाला बुडतो.

वाणिज्य शाखेत हा विचार अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांच्या नावाने शिकवला जातो. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला बाहेर ढकलतो, असे त्यांनी त्यात दाखवले. या प्रकारच्या संशोधनासाठी त्यांना २००१ साली आणखी दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेष्टनावरच्या पोकळ शब्दाने ग्राहकाचे चार पैसे जातात, पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याचा शब्दही त्यामुळे निकामी होतो. खोट्या नाण्याने जसा खऱ्या नाण्यावरचा विश्वास उडतो, तसेच हे आहे. अतिशयोक्ती म्हणजे व्यापारातली निरुपद्रवी गंमत, असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही, तो यामुळेच.

२. शब्दांचे चार गट

दुकानात गोंधळ होऊ नये म्हणून या शब्दांचे चार गट करू.

*पहिला गट: कायद्याने अर्थ ठरवून दिलेले शब्द.* भारतात अन्नाविषयीचे नियम भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण करते. बोलीभाषेत आपण त्याला एफएसएसएआय म्हणतो. या प्राधिकरणाने २०१८ साली जाहिराती आणि दाव्यांविषयीचे विनियम अधिसूचित केले आणि ते १ जुलै २०१९ पासून लागू झाले. त्यांत आपल्या ओळखीच्या अनेक शब्दांना मर्यादा घातल्या आहेत.

'नैसर्गिक' हा शब्द वनस्पती, प्राणी, खनिज अशा निसर्गातील स्रोतापासून मिळालेल्या आणि बाहेरून काहीही न मिसळलेल्या एकेरी पदार्थासाठी आहे. तो खाण्यायोग्य करण्यासाठी भाजणे, वाळवणे, गोठवणे, पाश्चरीकरण अशा मोजक्या प्रक्रिया चालतात. 'ताजे' हा शब्द धुणे, सोलणे, चिरणे, थंड करणे यांसारख्या किरकोळ प्रक्रियांपलीकडे फारसे काही न केलेल्या पदार्थासाठी आहे. 'शुद्ध' हा शब्द एकाच घटकाच्या, काहीही न मिसळलेल्या पदार्थाला लावायचा. अनेक घटकांच्या मिश्रणाला 'शुद्ध' म्हणता येत नाही. 'पारंपरिक' म्हणायचे असेल तर ती कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि मूळ रूपात फारशी न बदललेली असावी लागते.

मग बाजारात इतकी 'शुद्ध' आणि 'नैसर्गिक' पाकिटे कशी दिसतात? त्याचे एक उत्तर याच विनियमांत आहे. असा शब्द उत्पादनाच्या नावाचा किंवा व्यापारचिन्हाचा भाग असेल आणि त्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असेल, तर हे केवळ नाव आहे, उत्पादनाचे खरे स्वरूप दर्शवत नाही, अशा आशयाची सूचना पाकिटावर किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत द्यावी लागते. पुढच्या वेळी पाकीट हातात घ्याल तेव्हा ही सूचना शोधून पाहा. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही आपली म्हण ३ मिलिमीटर अक्षरांत छापली तर अशीच दिसेल!

*दुसरा गट: आकड्याशी बांधलेले शब्द.* 'शुगर-फ्री' लिहायचे असेल तर १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. 'लो शुगर' म्हणजे घन पदार्थात १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपर्यंत आणि द्रव पदार्थात १०० मिलिलिटरमागे अडीच ग्रॅमपर्यंत. 'लो फॅट' म्हणजे घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपर्यंत. हे शब्द तुलनेने भरवशाचे आहेत, कारण आकडा तपासता येतो.

तरी येथेही तारतम्य लागते. तंतूंच्या बाबतीत १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम तंतू असले की 'हाय फायबर' लिहिता येते. आपल्या घरच्या चाळणी न लावलेल्या कणकेत ते १० ग्रॅमच्या वर असतात. प्रथिनांच्या बाबतीत, दिवसाच्या शिफारस केलेल्या मात्रेच्या १० टक्के प्रथिने १०० ग्रॅम घन पदार्थातून मिळाली की तो पदार्थ 'प्रथिनांचा स्रोत' ठरतो. प्रौढ पुरुषासाठी ही मात्रा सुमारे ५४ ग्रॅम धरली जाते, म्हणजे १०० ग्रॅममागे साधारण साडेपाच ग्रॅम पुरेसे होतात. साध्या कणकेत ती सुमारे १० ग्रॅम असतात, आणि डाळीत तर त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे महागड्या बिस्किटावर ठसठशीत छापलेला गुण आपल्या पोळीत आणि वरणात आधीपासून आहे. पोळीवर तो कोणी छापत नाही, एवढेच.

आणखी एक बारकावा. 'शुगर-फ्री' म्हणजे 'कॅलरी-फ्री' नव्हे. साखर नसलेल्या मिठाईत तूप, मावा आणि मैदा भरपूर असू शकतात. मधुमेह असलेल्या आजोबांना 'शुगर-फ्री आहे, घ्या' म्हणून चार तुकडे वाढणे ही माया झाली, काळजी नव्हे.

*तिसरा गट: खरे, पण निरर्थक शब्द.* शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलावर 'कोलेस्टेरॉल-फ्री' लिहिलेले असते. ते खरेच आहे. पण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते, वनस्पती तेलांत ते जवळजवळ नसतेच. म्हणजे ते कोणत्याही कंपनीच्या शेंगदाणा तेलात नाही आणि गावातल्या घाण्यावरच्या सुट्या तेलातही नाही. तांदळावर 'ग्लुटेन-फ्री', बिस्किटावर 'तळलेले नाही, भाजलेले', मधावर 'प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत' हे याच जातीचे शब्द. तांदळात ग्लुटेन नसतेच, बिस्किटे भाजूनच करतात आणि मध टिकवायला वेगळे रसायन लागत नाही.

अशा वाक्यात खोटे काहीच नसते. पण हा गुण फक्त आमच्याच मालात आहे, असे ते न बोलता सुचवते. साधकाने या गटाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या रोजच्या बोलण्यातही हा प्रकार असतो. शब्द खरे ठेवून ऐकणाऱ्याचा समज खोटा होऊ देणे हे सत्याच्या व्रतात बसत नाही.

*चौथा गट: अर्थ न ठरलेले शब्द.* 'सुपरफूड', 'डिटॉक्स', 'प्रीमियम', 'वेलनेस', 'क्लीन', 'आर्टिझनल', 'गुडनेस'. यांतला कोणताही शब्द घ्या आणि विचारा, "हा खोटा ठरवायचा असेल तर काय तपासावे लागेल?" उत्तर सापडणार नाही. जो शब्द खोटा ठरवता येत नाही, त्याच्या खरेपणालाही काही अर्थ उरत नाही. म्हणून जाहिरात लिहिणाऱ्याला तो सगळ्यात सोयीचा वाटतो.

३. अलीकडची तीन उदाहरणे

हे सारे केवळ भाषेचे प्रश्न आहेत असे वाटू शकते. मागील काही वर्षांतल्या तीन घटना पाहिल्या तर त्यांचे गांभीर्य कळेल.

*'१०० टक्के फळांचा रस'.* डब्यातला पुष्कळसा रस आधी आटवून घट्ट करतात आणि नंतर त्यात पुन्हा पाणी घालतात. जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला की अशा रसाच्या वेष्टनावरून आणि जाहिरातींतून '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकावा. रसात गोडी आणणारे पदार्थ किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त घातले असतील, तर तो 'गोड केलेला रस' म्हणून सांगावा लागतो, याचीही त्या वेळी आठवण करून देण्यात आली. 'शंभर टक्के' या आकड्याचा केवढा दबदबा असतो पाहा. शंभर टक्के कशाचे, हे विचारायचे आपल्याला सुचतच नाही.

*'हेल्थ ड्रिंक'.* दुधात घालायच्या माल्टच्या भुकट्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या या नावाने ओळखल्या जातात. एप्रिल २०२४ मध्ये प्राधिकरणाने स्पष्ट केले की देशाच्या अन्न कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी संज्ञाच नाही, म्हणून ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी दूध, धान्य किंवा माल्टपासून केलेली पेये या विभागात ठेवू नयेत. पुढे त्याच महिन्यात वाणिज्य मंत्रालयानेही ऑनलाइन विक्रेत्यांना तशी सूचना दिली. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीने आपल्या अशा पेयांच्या विभागाचे नावही बदलले. नाव बदलायला पेयाची कृती बदलावी लागली नाही. तिथला 'आरोग्य' हा शब्द किती सैल बसवलेला होता, हे यावरून समजते.

*'ओआरएस'.* हे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून ते रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाणी रुग्णाचे नातेवाईकही पाजू शकत होते. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढे हा उपाय जगभर गेला आणि अतिसाराने दगावणारी असंख्य बालके त्याने वाचवली. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. 'ओआरएस' या तीन अक्षरांवर आज जो विश्वास आहे, तो जाहिरातीने आलेला नाही. तो अशा छावण्यांत आणि खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांत मिळवलेला आहे.

या उपायाचे मर्म प्रमाणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. ग्लुकोज आणि सोडियम योग्य प्रमाणात असले की आतड्यातून पाणी शरीरात शोषले जाते. साखर फार झाली तर उलट घडते. शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढू शकतात.

आता कल्पना करा, बाळाला जुलाब लागले आहेत आणि आई घाईघाईने औषधाच्या दुकानात 'ओआरएस द्या' म्हणते. तिच्या हातात गोड चवीच्या पेयाचा डबा पडतो. नावात ती तीन अक्षरे आहेत, पण आतले पेय त्या सूत्राचे नाही. आपल्या बाजारात अशी पेये अनेक वर्षे विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला, न्यायालयातही दाद मागितली. मध्यंतरी, हे पेय जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे नाही अशी सूचना छापून नाव वापरण्याची मुभा होती. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ती मुभा काढून घेतली आणि खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द, मागेपुढे काही जोडूनही, वापरण्यास मनाई केली.

बारीक अक्षरांतली सूचना त्या आईच्या किती उपयोगाची होती, याचा प्रत्येकाने विचार करावा. काहींना ती वाचता येत नाही. ज्यांना येते, त्यांना मूल कण्हत असताना वाचायला उसंत नसते. लोकांनी विश्वासाने जपलेला शब्द दुसऱ्या वस्तूवर चिकटवणे किती जड पडू शकते, हे येथे दिसते.

४. आपल्या जिव्हाळ्याचे शब्द

वरचे बरेच शब्द इंग्रजीतून आलेले आहेत. पण बाजाराला आपल्या भाषेतील शब्दांची किंमतही चांगली ठाऊक आहे. 'सात्त्विक', 'गावरान', 'देशी', 'घरगुती', 'आजीच्या हातची चव', 'ऋषिमुनींचा वारसा' हे शब्द श्रद्धेला आणि आठवणींना हात घालतात. ते वाचताना आपली बुद्धी जरा सैलावते. परराज्यात किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला तर 'आईच्या हातचे' एवढे वाचले तरी पुरते.

'देशी' आणि 'ए-टू' यांचेच पाहा. ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातल्या बीटा-केसिन नावाच्या प्रथिनाच्या रचनेतला आहे. तूप जवळजवळ पूर्णपणे स्निग्धांश असते, त्यात प्रथिने नाममात्रच उरतात. मग तुपाच्या बरणीवर ए-टू लिहून ग्राहकाला नेमके काय सांगितले जाते? ऑगस्ट २०२४ मध्ये प्राधिकरणाने हे दावे वेष्टनावरून काढायला सांगितले होते. संबंधितांशी आणखी चर्चा करण्यासाठी काही दिवसांतच ती सूचना मागे घेण्यात आली. म्हणून हा प्रश्न आपणच विचारायचा आहे. देशी गाय पाळणाऱ्या गोपालकाला आधार द्यायचा तर अवश्य द्यावा, पण तो कारण समजून द्यावा, अक्षराला भुलून नव्हे.

'सात्त्विक' या शब्दाचा विचार तर आपण केलाच पाहिजे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. तेथे सात्त्विक आहाराची ओळख त्याच्या परिणामावरून करून दिली आहे. आयुष्य, बल, आरोग्य आणि प्रसन्नता वाढवणारा तो सात्त्विक. बराच वेळ पडून राहिलेले, शिळे अन्न त्याच ठिकाणी तामसात मोजले आहे. आता कित्येक महिने टिकावे म्हणून बनवलेल्या, तेलमिठाने भरलेल्या कुरकुरीत पाकिटावर केवळ कांदा-लसूण नाही म्हणून 'सात्त्विक' असे छापले, तर तो शब्द योग्य जागी आहे का? ज्यांनी त्या शब्दाचा अभ्यास केला आहे, त्यांनीच हे विचारायला हवे.

त्याच अध्यायात थोडे पुढे वाणीच्या तपाचेही वर्णन येते. उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे म्हणजे वाणीचे तप. जाहिरातीची भाषा यांतले 'प्रिय' तेवढे उचलते. 'सत्य' आणि 'हितकर' या कसोट्या आपण लावायच्या असतात. आहार आणि वाणी यांचा विचार एकाच अध्यायात यावा, हे वेष्टनावरचे शब्द वाचताना फार अर्थपूर्ण वाटते.

५. पाकीट उलटून वाचण्याची रीत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. दुकानात एका पाकिटासाठी अर्धा मिनिट पुरतो.

पहिली पायरी, घटकांची यादी. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जो सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी. 'मल्टिग्रेन' बिस्किटाच्या यादीत मैदा पहिला असेल आणि नाचणी, ओट्स, ज्वारी यादीच्या शेपटाला असतील, तर ते मुळात मैद्याचे बिस्किट आहे. ज्या घटकाचे नाव दर्शनी भागावर ठळक केले आहे, त्याचे प्रमाण यादीत टक्क्यांत दिले आहे का, तेही पाहावे. 'बदाम' लिहिलेल्या पाकिटात बदाम किती, हे तिथेच कळते.

दुसरी पायरी, साखरेची दुसरी नावे. साखर एकाच नावाने येते असे नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप ही तिचीच भावंडे. एकच गोडी चार नावांत विभागली की यादीत प्रत्येक नाव खाली सरकते.

तिसरी पायरी, पोषणाचा तक्ता. त्यात आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरसाठी असतात. आपण किती खाणार, त्यावरून गुणाकार करावा. समजा एखाद्या पेयात १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम साखर लिहिली आहे. २०० मिलिलिटरच्या एका डब्यात ती २४ ग्रॅम झाली, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की, वरून घातलेली तसेच मध, सरबत आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवली तर अधिक चांगले. मुलाने शाळेतून आल्यावर एक डबा प्यायला की तो वाटा जवळजवळ संपला.

चौथी पायरी, 'कोणाच्या तुलनेत?' हा प्रश्न. 'तीस टक्के कमी तेल' असे लिहिले असेल तर कशापेक्षा कमी, हे तिथेच लिहिलेले असले पाहिजे. नसेल तर तो आकडा मनात धरू नये.

पाचवी पायरी, चिन्ह. 'सेंद्रिय' किंवा 'ऑरगॅनिक' लिहिलेल्या माल-पाकिटावर सेंद्रिय प्रमाणीकरणाचे अधिकृत चिन्ह आहे का ते पाहावे. ओळखीच्या लहान शेतकऱ्याकडून थेट घेत असाल तर चिन्ह नसेलही. तेथे त्याच्या शेतावर एकदा जाऊन येणे हीच उत्तम तपासणी.

६. आपली वाणी, आपले वेष्टन

येथपर्यंत आपण ग्राहक म्हणून विचार केला. पण आपणही शब्द पसरवणारे आहोत. 'अमुक काढा घ्या, इम्युनिटी शंभर टक्के वाढते' असा संदेश आपल्या कुटुंबाच्या गटात येतो आणि आपण तो पुढे पाठवतो. आपल्याला पैसे मिळत नाहीत, म्हणून ती जाहिरात वाटत नाही. परंतु वाचणारा आपल्यावरच्या विश्वासाने ते मानतो. साधकाच्या बोलण्याला समाजात थोडे जास्त वजन असते, म्हणून त्याची जबाबदारीही तेवढीच जास्त.

आपल्यापैकी अनेक भगिनी बचत गटांतून लोणची, मसाले, लाडू, पापड करतात. त्यांच्यासाठी एक सूचना. चिठ्ठीवर 'शुद्ध, सात्त्विक, पारंपरिक, आरोग्यवर्धक' अशी माळ लावण्याऐवजी काय घातले आणि केव्हा केले, ते लिहावे. 'नाचणी, गूळ, तूप, वेलची. १२ तारखेला केले. तीन आठवड्यांत संपवावे.' एवढे लिहिलेल्या डब्यावर ग्राहक जास्त विश्वास ठेवतो, कारण यातला प्रत्येक शब्द तपासता येतो. बाजारात झिजलेल्या शब्दांना पुन्हा किंमत आणण्याचा मार्गही हाच आहे.

आणि उघड दिशाभूल दिसली तर गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवरही तक्रार करता येते. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमनासाठी १९८५ पासून काम करणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेकडे सामान्य माणूसही तक्रार नेऊ शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार करताना राग नको. वेष्टनाचे छायाचित्र, बॅच क्रमांक आणि नेमका शब्द, इतके पुरे.

स्वाध्याय

१. घरातील कोणतीही पाच पाकिटे घ्या. प्रत्येकाच्या दर्शनी भागावरील सर्व विशेषणे एका कागदावर उतरवा आणि ती वरील चार गटांत विभागा. कोणता गट सर्वांत मोठा झाला?

२. त्याच पाकिटांच्या घटक-यादीतील पहिली तीन नावे लिहा. दर्शनी शब्द आणि ही तीन नावे एकमेकांना दुजोरा देतात का?

३. घरात लहान मुले असतील तर त्यांना हे काम खेळ म्हणून द्या. मुले साखरेची लपलेली नावे मोठ्यांपेक्षा लवकर शोधतात.

४. चर्चेसाठी: 'खरे, पण निरर्थक' अशी वाक्ये आपण घरात, कार्यालयात किंवा सेवाकार्यात कधी वापरतो? त्याने समोरच्याचा कोणता समज होतो?

५. या आठवड्याचा संकल्प: खाण्यापिण्याविषयीचा कोणताही संदेश पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा, "हे खोटे असेल तर मला कसे कळेल?" उत्तर देता आले नाही, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबू द्या.

पुढील अभ्यासवर्गाला येताना पहिल्या स्वाध्यायाचा कागद सोबत आणावा. सर्वांचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले, की एकच शब्द किती निरनिराळ्या पाकिटांवर आहे ते आपोआप दिसेल.